२४१ किलो आणि बागमांडल्याची फेरीबोट

माझ्या नव्या मोटरसायकलचं, रॉयल एन्फील्डच्या सुपर मिटिऑर ६५०चं, वजन पेट्रोल-ऑइलसकट २४१ किलो. आधीची अकरा वर्षं माझ्याकडे दीडशे किलोंच्या आतली गाडी होती. ती सिग्नलला कलली की पायाने सावरायची. ही सवय मोडायला तीन रविवार गेले, आणि तरी कोकणात गाडी पडलीच.

ते रविवार घराजवळच्या मैदानावर गेले. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मांडून त्यांच्याभोवती आठाचे आकडे काढायचे. पहिल्या दिवशी दोन्ही पाय घासत यू टर्न घेताना पाहून टपरीवाला म्हणाला, "साहेब, बंद पडलीय का?" हळूहळू जमलं. क्लच अर्ध्यावर धरायचा, मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा आणि नजर बाटलीवर न ठेवता जिथे जायचंय तिथे ठेवायची. बाटलीकडे पाहिलं की गाडी बाटलीवरच जाते. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक मात्र विसरायचा. चालण्याच्या वेगात तो दाबला तर गाडी तिथेच लोळण घेते.

डिसेंबरात मी आणि बायको निघालो. पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. ताम्हिणीची मी उगाचच धास्ती घेतली होती. चाकं फिरत असली की वजन कुठे जातं कळत नाही, आणि वळणावळणाला गिअर बदलावे लागत नाहीत. घाम फुटायचा तो चहाला थांबताना. फुटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) पुढे असल्यामुळे खड्ड्यात उभं राहून धक्का झेलता येत नाही, तो थेट कमरेत बसतो. गावांतले उंच स्पीडब्रेकर अगदी हळू घ्या, पोटाखाली जेमतेम १३५ मिलिमीटर जागा आहे.

आता पडल्याचा किस्सा. हरिहरेश्वरला घरगुती मुक्कामाच्या अंगणात मी गाडी उताराकडे तोंड करून लावली. सकाळी मागे ढकलायला गेलो. रिव्हर्स गिअर नाही, खाली जांभ्याची बारीक खडी, बूट सरकला आणि गाडी सावकाश उजवीकडे कलायला लागली. एका मर्यादेपुढे ती धरून उपयोग नसतो, सोडून बाजूला व्हावं. मी सोडली. लेग गार्डने टाकी वाचवली, अब्रू नाही.

उचलण्याआधी इंजिन बंद करणारा किल स्विच 'ऑफ' केला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि साइड स्टँड काढून ठेवला, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे पडायला नको. (डावीकडे, म्हणजे स्टँडच्याच बाजूला पडली तर ही सोय नाही, दुसरा माणूस बोलवा.) मी वाकून ओढायला लागलो तेवढ्यात मालक काका ओरडले, "कमरेने नको हो, पायांनी उचला!" मग खालचं हँडल टाकीकडे पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ केली, बूड सीटला टेकवलं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरली. छोटी छोटी पावलं मागे टाकत गेलो तशी उठली. तेव्हापासून गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या बाजूला. उतार असेल तर तोंड चढाकडे आणि गिअरमध्ये.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून खाडीपलीकडच्या वेशवीला फेरीबोट आहे. तिचा रॅम्प लोखंडी आणि ओला. मागच्या माणसाला जेटीवरच उतरवा. बायको चालत चढली आणि कठड्याशी उभी राहून माझा व्हिडिओ काढायला लागली. पुढची गाडी पूर्ण आत जाईपर्यंत खाली सपाटीवरच थांबा. मग पहिल्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, पाय फुटपेगवर ठेवून एका दमात चढा. रॅम्पवर मध्येच पाय टेकलात तर तो घसरणार. बोटीत गाडी गिअरमध्ये, साइड स्टँडवर, आणि तुम्ही शेजारी हँडल धरून उभे. वेशवीला उतरताना क्लच सोडलेलाच ठेवा, ब्रेक मागचाच. आणि मागचे लोक हॉर्न वाजवत असतील तर वाजवू देत.