घणसोलीतला बी-२७५

जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन किल्लीने बंद होत नाही. पेट्रोलच्या गाडीत किल्ली फिरवली की ठिणगी थांबते आणि खेळ खल्लास. डिझेलला ठिणगीच नसते. सिलिंडरात हवा दाबली जाऊन तापते, त्यात डिझेलचा फवारा उडतो आणि पेटतो. बंद करायचं तर डिझेल तोडा, नाहीतर हवा तोडा. गॅरेजात नवा पोरगा आला की त्याला मी हे आधी सांगतो, मग पाना हातात देतो. नवी मुंबईतल्या घणसोलीच्या पोरांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझं गॅरेज महापे-शिळफाटा रस्त्याला. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे पाण्याचे टँकर ओढणारे नाहीतर कॉम्प्रेसर बसवलेले ट्रॅक्टर. नांगर लावलेला ट्रॅक्टर दारात येतो तो मुरबाड-शहापूरकडचा, तोही क्वचित. त्यामुळे घणसोली गावठाणातून फोन आला की, "आज्याचा इंटरनॅशनल चालू करून द्या, भावाच्या हळदीला काढायचाय," तेव्हा पैशाचं न बोलता मी आधी बघायलाच गेलो.

चार मजली घराच्या मागे पत्र्याच्या शेडीत बी-२७५ उभा होता. अस्सल कांदिवलीचा. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ साली मिळून कंपनी काढली, तिचा हा ट्रॅक्टर. चार सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर. घरातले नाना सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनी हा घेतला तेव्हा वाशीचा पूल झाला नव्हता, ठाण्यावरून फिरवून चालवत आणला. केजव्हील म्हणजे लोखंडी जाळीची चाकं लावून खाडीकाठच्या खारजमिनीतल्या भाताची चिखलणी याच्यावर व्हायची. पुढे नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, आणि ट्रॅक्टर ट्रॉली लावून भरावाची माती ओढायला लागला. "आपलाच शेत बुजवला बाला यानं," नाना म्हणाले आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

खाडीच्या हवेने करायचं ते केलं होतं. मडगार्डला बोट लावलं तर पापुद्रे गळायचे. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, इंजिन जाम. डिझेल फवारणाऱ्या नोजल काढून सिलिंडरात डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं, मुरू दिलं, आणि रोज थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत सोडवलं. जाम इंजिनाला धक्का देऊन फिरवणारे मेकॅनिक मी पाहिलेत. पिस्टनच्या रिंगा तोडतात आणि वर गिऱ्हाइकालाच सांगतात, इंजिन जुनं होतं. टायर रिमोल्डला गेले होते, म्हणून मागचा एक्सल लाकडी ठोकळ्यांवर घेतला. बॉनेट पत्राकामाला, एअर क्लीनर धुवायला काढलेला. डिझेलचा पंप नीट करून आणून बसवला, टाकीत नवं डिझेल भरलं, नळ्यांत अडकलेली एअर काढली. बॅटरी मुद्दामच लावली नाही.

राहिली होती एक नळी. या पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणारा भाग, हवेवर चालतो. हवा आत शिरते त्या तोंडाशी एक फुलपाखरू झडप असते, अ‍ॅक्सिलरेटर तीच उघडझाक करतो. झडप मिटली की तिच्याजवळ हवेची ओढ तयार होते, ती ओढ एका बारीक नळीतून पंपाच्या मागच्या डायफ्रामपर्यंत, म्हणजे चामड्याच्या पडद्यापर्यंत जाते, आणि डायफ्राम रॅकला, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, मागे खेचून डिझेल कमी करतो. ओढ नसेल तर मागची स्प्रिंग रॅक पुढे ढकलते आणि डिझेल फुल्ल. म्हणजे ही नळी इंजिनाची वेसण. आमची टोकाशी चिरली होती. ती ब्रेझिंगने सांधून आणायला मी रबाळ्याला गेलो आणि जाताना नानांना बजावलं, कुणाला हात लावू देऊ नका. नाना नेमके बाजारात गेले.

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. बी-२७५ चा आवाज मला झोपेतही कळेल, पण हा तो नव्हता. ही इंजिनं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालायला बनवलेली. हे त्याच्या कितीतरी वर किंचाळत होतं. मी नळी हातात धरून धावलो.

पोरांनी टँकरची बॅटरी आणून सेल्फ मारला होता. नवरदेवाला व्हिडिओ पाठवायचा होता म्हणे. एक नळी कमी आहे हे एकाच्या लक्षात आलं होतं, पण ती इतकी बारीक की तिच्यावाचून काय अडणार, असं त्यांचं ठरलं. आता तोच पोरगा सीटवर बसून किल्ली मागेपुढे फिरवत होता. शेडीत काळा धूर, पत्रे थडथडतायत, आणि एक्सलखालचा एक ठोकळा हळूहळू बाहेर सरकतोय. दुसऱ्याने टाकीचा कॉक बंद केला होता. विचार बरोबर, पण फिल्टरात आणि पंपात उरलेलं डिझेल इतक्या वेगातही संपायला वेळ घेतं, आणि तेवढ्या वेळात कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. डिझेल तोडून इंजिन बंद करणारी स्टॉपची तार गंजली म्हणून मी काढली होती. ती लागते तो पंपावरचा दांडा हाताने ओढता आला असता, पण शेजारी उघडा पंखा फिरत होता.

"खाली उतर! सगळे बाहेर!" मी ओरडलो. राहिली हवा. एअर क्लीनर नसल्याने हवा आत ओढणारं मॅनिफोल्डचं तोंड उघडंच होतं. तिथे हात लावायचा नाही, तळवा आत ओढला जातो. चिंधीही नाही, ती गिळली जाते. शेडीच्या दाराशी बायका हळदीचे पापड लाटत होत्या, त्या केव्हाच उठून लांब उभ्या होत्या. एक पोळपाट पडला होता. तो उचलला, बाजूने वाकलो आणि सपाट अंगाने तोंडावर मारला. माझ्या हातातून निसटून तो तिथे चिकटला. इंजिन दोनदा गदगदलं, ठोकळ्यावर हललं आणि बंद पडलं.

मी आधी ठोकळा आत मारला, मग बॅटरीच्या वायरी काढल्या. बोलायला तोंड उघडलं तर खोकलाच आला. दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांवर काजळी बसली होती आणि एक काकी त्या पोराला, "चल धू आता, एकेक धू," म्हणत होती. माझं निम्मं काम तिनेच केलं.

नानांना सांगितलं, आता इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडल्याशिवाय हा सेल्फ मारायचा नाही. बेअरिंगा काढून पाहिल्या, रॉडचे बोल्ट बदलले, टॅपेट कव्हर काढलं. झडपा उघडणारा एक पुशरॉड वाकला होता. तो ठोकून सरळ करा असं घरचे म्हणत होते; मी नवा मागवला. या मॉडेलचे पार्ट अजून मिळतात. बाकी इंजिन शाबूत निघालं.

नळी बसवण्याआधी डायफ्राम पुन्हा तपासला. त्या पोराला मुद्दाम शेजारी बसवलं. स्टॉपचा दांडा बंदकडे ओढायचा, नळी जिथे लागते ते भोक बोटाने घट्ट दाबायचं आणि दांडा सोडायचा. डायफ्राम चांगला असेल तर रॅक जरासा पुढे येऊन थांबतो. सरळ पुढे निघून गेला तर चामडं गळतंय. त्याने बोट दाबलं, रॅक थांबला. "ही ओढ लागतेय बोटाला," तो म्हणाला. मग स्वतःच विचारलं, "आणि नळी नसली की हे सुटतं?" मी नळी त्याच्याच हातात दिली आणि नट आवळायला लावले.

स्टॉपची नवी तार सीटजवळ हाताशी घेतली. हळदीला ट्रॅक्टर निघाला, पण फक्त गल्लीत. पासिंग कधीच संपलेलं, मुख्य रस्त्यावर न्यायचा नाही ही माझी अट होती. मागे ट्रॉलीवर डीजे लावायचा बेत नानांनी मोडून काढला. पुशरॉड आणि बोल्टांचे पैसे पोरांनी आपसात काढून दिले, नव्या पोळपाटाचेही.