तुम्ही विचारलंत म्हणून : जातीवर जलसा बसवायचा कसा?

"आम्हाला जातीवर काहीतरी सादर करायचंय. पथनाट्य करू, जलसा करू, की सरळ एकांकिकाच बसवू?" मार्च लागला की हा प्रश्न येतोच. ११ एप्रिलला फुले जयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, वर परीक्षा डोक्यावर. हाताशी तीन आठवडे, आठ-नऊ पोरंपोरी आणि पैशाच्या नावानं शंख. एवढ्यात जलसा, म्हणजे तमाशाच्या अंगानं जाणारा गाणी-संवादांचा प्रबोधनाचा खेळ, उभा राहतो. पथनाट्यही राहील, पण त्यात दुसऱ्या मिनिटाला घोषणा सुरू होतात आणि पुढचं सगळं ओळखून लोक चालू पडतात. जलशात गाणं असतं, थट्टा असते, म्हणून माणूस थांबतो. थांबला तरच त्याच्याशी भांडता येतं.

पुण्यात या कामाला जुना आधार आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि मराठी पुस्तकांना सरकारी बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीनं ते नाकारलं. त्यात एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून नवरा-बायकोला लुबाडतो, आणि मध्ये मध्ये विदूषक येऊन प्रेक्षकांच्या मनातलं बोलून जातो. शेवटी ते जोडपं फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतं. पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा उचलून सत्यशोधक जलसे उभे केले. जुन्नरजवळच्या ओतूरच्या भीमराव महामुनींचं नाव या जलशांच्या सुरुवातीशी जोडलं जातं. नंतर नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तुम्हाला नवं काही शोधायचं नाहीये. साचा तयार आहे, आजचा मजकूर भरायचाय.

साचा असा. तमाशात गण (सुरुवातीचं वंदन), गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रसंग), बतावणी (थट्टेची प्रश्नोत्तरं), लावणी आणि वग (गोष्ट सांगणारं नाट्य) या क्रमानं खेळ चालतो. सत्यशोधकांनी गणातल्या गणपतीचा अर्थ बदलला. आंबेडकरी जलशांनी लावणीच काढून टाकली, कारण तमाशातल्या नाचणाऱ्या बायका ज्या जातींमधून येत, त्याच जातींच्या सन्मानासाठी हा खेळ होता. आजच्या चाळीस मिनिटांच्या जलशाचं माझं गणित सांगतो. गण चार मिनिटं, त्यात समोर बसलेल्यांनाच वंदन. त्यानंतर पाच मिनिटांचं एक गाणं. मग बतावणी बारा मिनिटं, वग पंधरा मिनिटं आणि शेवटचं गाणं चार. वग लांबला तर चालेल, बतावणीला मात्र कात्री लावू नका. बहुतेक मुलं उलटं करतात: वगात अत्याचाराची मोठी गोष्ट घेतात आणि बतावणी दोन विनोदांत उरकतात. जलशाचा जीव बतावणीत आहे.

बतावणीचा विषय पुण्यातलाच घ्या. गावचा पाटील, पाणवठा, देवळाची पायरी हे प्रसंग खोटे नाहीत, पण कर्वे रस्त्यावरचा प्रेक्षक ते पाहून सुखावतो. हे सगळं तिकडे, लांब, असं म्हणून घरी जातो. त्याला घरमालक दाखवा.

घरमालक : पूर्ण नाव काय म्हणालात?
मुलगा : राहुल संजय.
घरमालक : ते झालं हो. पुढे?
मुलगा : पुढे आयटीत आहे, हिंजवडीला.
घरमालक : तसं नव्हे. मूळचे कुठले?
मुलगा : लातूरचे.
घरमालक : लातुरात कुठे? म्हणजे गावातच, की जरा बाहेर?
मुलगा : गावातच. एसटी स्टँडच्या मागे.
घरमालक : बरं, घरात देव कोणते?
सोंगाड्या : काका, करार अकरा महिन्यांचा आहे की सात पिढ्यांचा?

इथे हशा येतो आणि तो मालकावर येतो, मुलावर नाही. सगळी मेहनत या एका गोष्टीसाठी घ्यायची. मुलगा खाली मान घालून उभा राहिला की लोक हळहळतात, आणि हळहळणाऱ्याला वाटतं आपण चांगले आहोत, विषय संपला. राहुलला प्रश्न पक्का कळलाय, तो मुद्दाम चुकवतोय, हे दिसलं पाहिजे. मग प्रेक्षक त्याच्या बाजूनं खेळायला लागतो. मालकही खलनायक करू नका. मिशा, दरडावणी, काही नको. तो चहा विचारतो, 'तुमच्यासारखी शिकलेली मुलं' म्हणतो, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणतो, "आमचं काही नाही हो, पण सोसायटीवाले..." हे वाक्य अर्धंच सोडा आणि ढोलकीला तीन सेकंद गप्प बसवा. ही शांतता तालमीत मोजून बसवावी लागते, नाहीतर ढोलकीवाला घाबरून वाजवून टाकतो.

सोंगाड्या म्हणजे फुल्यांच्या विदूषकाचाच भाऊ. त्याच्यावर एक बंधन पाळा: त्यानं भाषण करायचं नाही. तीन ओळींच्या वर बोलला की तो पुढारी होतो. बारा मिनिटांत त्याला सात-आठ वाक्यं पुरतात.

भाषेत हमखास घसरतात ते इथे. दलित पात्र आलं की पोरं त्याच्या तोंडी ओढूनताणून ग्रामीण बोली घालतात आणि बाकी सगळे प्रमाण मराठी बोलतात. येरवड्यात किंवा ताडीवाला रस्त्यावर वाढलेला मुलगा पुणेरीच बोलतो, मध्ये हिंदी मिसळतो, इंग्रजी झाडतो. बोलीवर हशा आला तर तो पात्राला हसण्याचा हशा आहे. त्या प्रयोगानंतर वाक्य बदला.

शिवीचं काय, हेही विचारता. जातिवाचक शिवी पूर्ण उच्चारू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा अपमान करण्याच्या हेतूनं चारचौघांत जातीवरून बोलणं हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. नाटकात तो हेतू नसतो हे खरं. पण रस्त्यात मध्येच येऊन थांबलेल्याला आधीचं काही माहीत नसतं, आणि कुणीतरी मोबाइलवर नेमका तेवढाच तुकडा उचलतो. शिवाय गर्दीत ती शिवी आयुष्यभर खाल्लेला माणूस उभा असतो, त्याला ती पुन्हा फुकट ऐकवायचं कारण काय? पहिलं अक्षर आलं की हलगीची थाप. लोक उरलेलं मनात पुरं करतात, आणि ते आपल्याला येतं हे त्यांचं त्यांनाच कळतं.

आता गाणी. ध्रुवपद आठ-दहा शब्दांचं, कडवी तीन, चौथं नको. चाल ओळखीची घ्या: पोवाडा, ओवी, भारूड, भीमगीताची एखादी रुळलेली चाल. दुसऱ्या कडव्याला लोकांनी झील धरली, म्हणजे मागून साथीला गायले, की तुम्ही जिंकलात. सिनेमाच्या चालीवर बांधायला माझी हरकत नाही, शाहिरांनी ते वर्षानुवर्षं केलंय. फक्त मूळ गाण्याचे शब्द लोकांच्या ओठांवर आधी येत असतील तर ती चाल सोडा. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पहिल्याच दिवशी ठरवा. मुलांना पेटीवरची काळी एक-दोन सोयीची, मुलींना काळी चार-पाच, आणि एकत्र गाताना कुणाचातरी आवाज चिरकतो किंवा खाली बुडतो. सोपा तोडगा म्हणजे मुख्य शाहीर मुलगी ठेवा, पट्टी तिची धरा आणि मुलांना झील खालच्या सप्तकात द्या. तुणतुणं त्या सुरात लावून मगच रिंगणात उतरा, कारण ऐन प्रयोगात खुंटी पिळत बसायला सवड नसते. मुख्य शाहीर मुलगी असली की मुलींना फक्त आई आणि विधवा देण्याची खोडही मोडते.

वाद्यं चार पुरेत: ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. चामड्याची हलगी ओलसर हवेत ढिली पडते आणि आवाज बसतो. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंतीला, भर पावसाळ्यात, हे व्हायचंच. प्रयोगाआधी वाळका पालापाचोळा किंवा रद्दी पेटवून हलगी धगीवर फिरवत तापवा, एका जागी धरू नका. जास्त तापली तर पान, म्हणजे वरचं कातडं, फाटतं. मध्येच बोटानं टिचकी मारून पाहा. आवाज टणक झाला की बास. फायबरची हलगी घेतलीत तर ही कटकट नाही, पण ती कोरडी वाजते. माझी पसंती चामड्यालाच.

हलगी कोण वाजवणार? बहुतेक गटांत ती आपोआप मातंग मुलाच्या गळ्यात जाते, 'तुमच्या रक्तातच आहे' असं कौतुकानं म्हणून. संहिता लिहिणारा, ओळख करून देणारा, पत्रकारांशी बोलणारा वेगळाच असतो. चहाचे कप उचलणारा आणि स्पीकर वाहणारा आणखी वेगळा. जातीवरच्या जलशात कामं जातीनं वाटली गेली तर समोरच्याला ते दिसतं. पहिल्या आठवड्यात कामांची चिठ्ठी काढा आणि दर तालमीला ती फिरवा. ज्याला हलगी येते त्यानं दुसऱ्या दोघांना शिकवावी, आणि त्यानं स्वतः बतावणीची एक पानभर संहिता लिहावी. हे न करता बसवलेले जलसे गायला छान असतात, पण बतावणीत पोकळ वाजतात. ज्याला घर नाकारलं गेलंय तो लिहायला बसलेलाच नसतो.

काही जण विचारतात, अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याचं काही घालू का, की ते उसनं वाटेल? घाला, नातं जुनं आहे. फुल्यांनी १८७३ची 'गुलामगिरी' अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. गणात या दोन ओळी सहज बसतात. मात्र जात म्हणजे वंशच असं ठोकून देऊ नका. कातडीवरून जात ओळखता येत नाही, म्हणून तर आपल्याकडे आडनाव विचारावं लागतं. राहुल आडनाव का लपवतोय, हे त्याच फरकातून आलंय.

जागा निवडताना पाठीमागे भिंत शोधा. मोकळ्या चौकात आवाज उडून जातो. भिंत असली की माइकशिवाय शंभर-सव्वाशे लोकांना ऐकू जातं. रिंगण पंधरा फुटांचं, प्रेक्षक तीन बाजूंनी. संध्याकाळी साडेपाचचा प्रयोग असेल तर मावळतीचं ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत येणार नाही असं उभं राहा, नाहीतर पुढची रांग दहा मिनिटांत उठते. स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज आठवडाभर आधी द्या. त्यात विषय, वेळ, ठिकाण आणि जबाबदार दोघांची नावं लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, आणि रात्री दहानंतर तो बंद. महापालिकेच्या बागेत करायचं तर महापालिकेकडेही जावं लागेल. नाट्यगृहात तिकीट लावून करायचं असेल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, त्याला वेळ हाताशी ठेवा.

खेळ संपल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका, "छान होतं" ऐकून घरी जाल. सोंगाड्यानं रिंगणात बसून विचारावं, "काकांनी अजून काय विचारलं असतं?" पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही, तेवढा वेळ थांबायची तयारी ठेवा. मग मागून एखादी बाई सांगते की आमच्याकडे आधी मटण शिजवता का विचारतात. ते लिहून घ्या, पुढच्या प्रयोगात मालकाच्या तोंडी घाला. विचारणाऱ्याच्या बाजूचाही कुणी उठतो आणि म्हणतो, माझं घर आहे, कुणाला द्यायचं ते मी ठरवीन. त्याला गप्प बसवू नका. त्याला रिंगणात बोलवा, मालकाची खुर्ची द्या आणि राहुलला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करायला सांगा.

आणि पहिला प्रयोग जयंतीला नको. त्या दिवशी समोरचे सगळे आधीच तुमचे असतात, शिवाय शेजारच्या डीजेपुढे तुणतुण्याचं काय चालणार? वस्तीत एक करा, तो लागतोच, चुका तिथेच कळतात. दुसरा एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, साध्या शनिवारी संध्याकाळी. सेक्रेटरीला भेटायला जाताना संहिता सोबत न्या आणि बतावणीचं पान उघडूनच द्या.