आई येणार असली तरी क्रामझोर्ख पूर्ण घ्या

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेन गावातल्या एखाद्या मराठी घरात दिवस राहिल्याची बातमी आली की अभिनंदनानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग आई कधी येणार?" नोकरीनिमित्त या गावात आणि शेजारच्या फेल्डहोव्हेनमध्ये आपली तरुण जोडपी पुष्कळ आहेत. प्रत्येक घरी आईचा व्हिसा, तिचे गुडघे, डिंकाच्या लाडवांचं वजन यांवर महिनोन्‌महिने फोन चालतात. त्या गडबडीत क्रामझोर्खची, म्हणजे बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाला पाहणाऱ्या बाईची, नोंदणी मागे पडते, नाहीतर ती करताना हात आखडता घेतला जातो. "आई आहेच की, मग परकी बाई कशाला घरात? कमीत कमी तास घेऊ." हे मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की आता नीट बसून लिहावंसं वाटलं. इथे येऊ घातलेल्या मुलींनी वाचावं, आणि त्यांच्या आयांनी तर नक्कीच.

नेदरलँड्समध्ये बाळंतपण झालं की पहिले आठ-दहा दिवस एक प्रशिक्षित बाई रोज काही तास तुमच्या घरी येते. हीच क्रामझोर्ख. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला सक्तीचा असलेला जो मूलभूत आरोग्यविमा, त्यातच ही सेवा धरलेली आहे. त्यामुळे बँकेतल्या मॅनेजरकडेही ती बाई जाते आणि गोदामात काम करणाऱ्याकडेही. कमीत कमी 24 तास आणि जास्तीत जास्त 80 तास मिळतात. सर्वसाधारण घराला 45 ते 50 च्या आसपास. सरळ बाळंतपण झालं तर दवाखान्यातून काही तासांतच घरी पाठवतात, आणि घरीच बाळंत होणाऱ्या डच बायकाही थोड्या नाहीत. आपल्याकडे हे ऐकून लोक घाबरतात. पण दवाखान्यात जे पाहिलं गेलं असतं ते घरी येऊन पाहणारं माणूस आधीच ठरलेलं असतं, म्हणून हे सगळं निभतं.

ही बाई सकाळी आली की आधी आईकडे बघते. ताप, नाडी, रक्तस्राव किती, टाके कसे आहेत, गर्भाशय किती खाली उतरलं, पोटरी दुखते का. मग बाळाचं तापमान, वजन, रंग, शी-शूचा हिशोब. सगळं लिहून ठेवते आणि मिडवाइफ, म्हणजे सुईण, फेरीला आली की तिच्यापुढे ठेवते. तिला कमरेत वाकून ही तपासणी करावी लागू नये म्हणून बाळंतिणीचा पलंग जमिनीपासून साधारण 80 सेंटिमीटर उंच करून ठेवायचा असतो. त्यासाठी पायांखाली लावायचे ठोकळे भाड्याने मिळतात. घरी येणाऱ्या बाईच्या पाठीचाही विचार इथे नियमात बसवला आहे, हे मला फार आवडलं.

दूध पाजताना ती शेजारी बसते. बाळाचं तोंड नीट लागलं आहे का, ते गिळतं आहे का, हे ऐकते आणि पाहते. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतची घट नजर ठेवण्याजोगी, पण घाबरण्याजोगी नसते. हे रोज मोजून सांगणारं कोणी घरात असलं की "दूध पुरत नाही तिचं, वरचं दूध सुरू करा" हा घाईचा सल्ला आपोआप मागे पडतो. काविळीचंही तसंच. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर पिवळेपणा चटकन दिसत नाही. आमची बाई बाळाला खिडकीशी उजेडात नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघायची, आणि बाळ दुधासाठी स्वतःहून उठतं का हे रोज विचारायची. आपल्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर-करडे डाग असतात. ते पुढे विरतात, पण माहीत नसलेल्याला मार लागल्यासारखे दिसू शकतात. ते कुठे आणि केवढे आहेत हे पहिल्याच आठवड्यात बाळाच्या वहीत नोंदवून घ्या. पुढे पाळणाघरात टाकताना ती नोंद कामी येते.

आता आई आणि ही बाई एका घरात. मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी होती ती हीच, आणि आज सगळ्यात आनंदाने आठवते तीही हीच.

आईने गावाहून मोहरीची उशी शिवून आणली होती. बाळाच्या डोक्याखाली ती दिसताच बाईंनी हळूच काढून ठेवली. "अगं, तिला सांग, डोकं चपटं होईल त्याचं," आई म्हणाली. मी सांगितलं. बाईंनी आईला समोर बसवलं आणि इंग्रजीत, सावकाश, मला भाषांतराला वेळ देत समजावलं. बाळाला उशी नाही, दुलई नाही. बाळ पाठीवर, पाय पलंगाच्या खालच्या टोकाशी, पांघरूण छातीपर्यंतच आणि बाजूंनी घट्ट खोचलेलं, म्हणजे सरकून तोंडावर येत नाही आणि श्वास कोंडत नाही. डोक्याच्या आकारासाठी झोपताना एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला मान वळवायची आणि जागेपणी आपण समोर असताना थोडा वेळ पालथं टाकायचं. "हे ठीक आहे, हे तर मी तुम्हालाही करत होते," असं म्हणून आईने उशी बॅगेत ठेवली.

मग आईने पाय लांब सोडून, त्यावर बाळ घेऊन मालीश दाखवली. बाई मन लावून पाहत होत्या. नाकात-कानात तेल नको, एवढंच त्यांनी सांगितलं. मध चाटवणं, गुटी, काजळ यांना मात्र स्पष्ट नकार. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो आणि काजळात शिसं असू शकतं, हे कारणासहित कळल्यावर आईने वाद घातला नाही. शेगडीच्या शेकाऐवजी इथे धातूची गरम पाण्याची बाटली बाळाच्या पलंगात ठेवतात, कापडी पिशवीत घालून, झाकण पायांकडे आणि बाळापासून वीतभर लांब. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांना कसलीच हरकत नव्हती. उलट बाळ झालं की इथे पाहुण्यांना टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेप देतात, बेस्खाउट मेट माउशेस. बडीशेपेने दूध वाढतं असं इथली जुनी माणसंही मानतात. आईने ते ऐकून डब्यातला बाळंतशेपा काढून त्यांच्या हातावर ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या आईला 'ओमा', म्हणजे आजी, म्हणायच्या, आई त्यांना 'बाई' म्हणायची, आणि स्वयंपाकघरातला ओटा दोघींनी वाटून घेतला होता.

आई जे करते ते ही बाई करू शकत नाही. ती माझ्या पोटाला फडकं बांधणार नाही, रात्री बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालणार नाही. आणि बाई जे पाहते ते, आईने तीन बाळंतपणं काढली असली तरी, तिला पाहता येत नाही. म्हणून एक आहे म्हणून दुसरी कमी करणं हा हिशोबच मला पटत नाही.

बाबांचंही शिक्षण याच दिवसांत होतं. बाळाच्या बाबाला पहिला आठवडा पूर्ण पगारी रजा असते, आणि जुलै 2020 पासून पुढच्या सहा महिन्यांत आणखी पाच आठवडे 70 टक्के पगारावर घेता येतात. आमच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी आंघोळीचं काम नवऱ्याकडे दिलं. पाण्याचं तापमान कोपराने कसं बघायचं, मानेला आधार कसा द्यायचा, हे त्याला दाखवलं आणि स्वतः दोन पावलं मागे उभ्या राहिल्या. घरात सासू, आई असली की आपले पुरुष आदराने बाजूला सरकतात आणि मग बाजूलाच राहतात. इथे त्याला कोणी सरकू देत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला कारण नसताना रडू यायचं. आई म्हणायची, "रडू नये बाळंतिणीने, दुधावर परिणाम होतो." तिचा जीव तुटत होता, म्हणून ती तसं म्हणायची. बाईंनी दार लोटून घेतलं, पलंगावर बसल्या आणि विचारलं, तू कशी आहेस? बाळ नव्हे, तू. पहिल्या आठवड्यातलं असं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन उठतच नसेल, झोपायला वेळ मिळूनही झोप येत नसेल, तर मिडवाइफला किंवा हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला सांगायचं, हे त्यांनी मला आणि नवऱ्याला समोरासमोर सांगितलं. पुढेही हा प्रश्न विचारला जातो. 1987 मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी तयार केलेली दहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली जगभर यासाठी वापरतात. ती आपल्या गोव्यातही वापरली गेली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं होतं. म्हणजे हा परदेशातल्या एकटेपणाचाच आजार नाही. भरल्या घरातही तो असतो आणि कोणी विचारलं नाही तर तसाच राहतो. त्या प्रश्नांना "सगळं छान आहे" असं सवयीने उत्तर देऊ नका. माझी हात जोडून विनंती आहे.

घरी येऊन बघण्याची ही पद्धत आपल्याला परकी वाटायचं खरं तर कारण नाही. 1990 च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला पाठवलं, आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे देशाने ती पद्धत उचलली. आज दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. शहरातल्या आपल्या सोसायट्यांना आशाताई माहीतच नसते, एवढाच फरक. परकी बाई घरात नको म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते.

क्रामझोर्ख संपते तेव्हा दुसरं कोणीतरी हात धरतं. पहिल्याच आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेणारी नर्स बहुधा घरीच येते. बरीच दुर्मिळ आजारपणं त्यातून वेळेत कळतात. त्यानंतर चार वर्षांपर्यंत कन्सुल्तात्सीब्युरो, म्हणजे बाळांचं तपासणी केंद्र. अशी पहिली बाळ-तपासणी 1901 मध्ये हेगला डॉ. प्लांटेंगा यांनी सुरू केली होती, आणि आता ती गावोगाव आहे. वजन, उंची, लसी, बोलणं, चालणं, सगळं मोफत. दोन गोष्टी आपल्या लोकांनी तिथे मुद्दाम विचाराव्यात. बीसीजीची लस इथे सरसकट देत नाहीत, पण आई किंवा वडील भारतासारख्या देशातले असतील तर देतात. आणि रोजचे 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व चौथ्या वर्षापर्यंत सगळ्याच मुलांना सांगतात; सावळ्या मुलांनी पुढेही चालू ठेवायचं असतं.

या भेटींबद्दल आपल्या घरांत एक भीती आहे, ती बोलून टाकलेली बरी. नॉर्वेत 2011 मध्ये भारतीय कुटुंबाची मुलं ताब्यात घेतल्याची बातमी झाली, तेव्हापासून कोणी सरकारी माणूस बाळ बघायला येणार म्हटलं की भारतातून फोन येतात, "जपून बोल गं." मी ही भीती खोटी म्हणणार नाही. पण लपवून बोललेल्या आईला मदत कमी मिळते, हे मी आजूबाजूला पाहिलं आहे. बाळ आमच्याजवळ झोपतं, हाताने भरवतो, आजी मालीश करते, हे मी सरळ सांगत गेले. जवळ झोपवण्यावरून सुरक्षित कसं झोपवावं याची माहिती मिळाली, आणि सहा महिने बाळाचा पलंग आपल्याच खोलीत हवा, असं बाळ तपासणाऱ्या बायकांनीच सांगितलं.

एकटं पडलेल्या घरांसाठी हुमानितास संस्थेची होम-स्टार्ट सेवाही आहे. तिचे स्वयंसेवक आठवड्यातून एकदा दोन-तीन तास घरी येतात, पैसे लागत नाहीत. आजी परत गेली आणि नवरा कामावर, त्या महिन्यांसाठी हे लक्षात ठेवा. आणि वाचनालयात बाळाचं नाव जरूर घाला. पुस्तकांची छोटी पेटी भेट मिळते, आणि बाळाला घेऊन येणाऱ्या इतर आया भेटतात.

क्रामझोर्खची नोंदणी लवकर करा, दिवस राहिल्याचं कळल्यावर पहिल्या तिमाहीतच. या बायकांची इथे टंचाई आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर कमी तास मिळतात. या सेवेला आणि मिडवाइफच्या कामाला विम्यातला स्वतः भरायचा वार्षिक वाटा लागत नाही. तासाला पाच-सहा युरो मात्र पदरचे भरावे लागतात, आणि ते पुरवणी विम्यातून बऱ्याचदा परत मिळतात. पन्नास तासांचे अडीचशे-तीनशे युरो होतात. आईच्या विमानाच्या तिकिटापेक्षा कमी.

तिकिटाबद्दलही माझं मत आहे. आईला शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं. ती तारखेच्या महिनाभर आधी आली आणि बाळ आठवडाभर उशिरा झालं, तर हातात जेमतेम पावणेदोन महिने उरतात, आणि क्रामझोर्खचे दिवसही त्यातच जातात. आईने तारखेच्या आसपासच यावं. दोन-चार दिवस बाई आणि आई एकत्र मिळाल्या तर उत्तमच. म्हणजे बाई गेल्यावर, नवऱ्याची रजा संपल्यावर आणि बाळ संध्याकाळी रडायला लागल्यावर, साधारण सहाव्या आठवड्यापासून पुढे, आई अजून घरात असते.