एअरबोट शिकताय? गॅस सोडला की सुकाणू गेलं, हे आधी डोक्यात बसवा

परवा रात्री फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून परत आलो. हातावर तिथल्या सॉग्रास गवताचे ओरखडे तसेच आहेत, खांदे वर होत नाहीयेत, तरी आजच लिहून काढतोय. मित्राने फ्लोरिडातच एक जुनी एअरबोट (मागच्या मोठ्या पंख्याच्या वाऱ्यावर चालणारी सपाट तळाची बोट) घेतली, तेव्हा विकणाऱ्याने आणि नंतर चांगले पैसे घेऊन दोन तास शिकवणाऱ्यानेही एकच सांगितलं, "गाडी चालवता येते ना, मग झालं." हे साफ खोटं आहे आणि ह्या एका वाक्यामुळे आम्ही तिघं मरता मरता वाचलो असं मी म्हणेन.

पोहता येतं, लाइफ जॅकेट आहे, कानाला इअरमफ आहेत, बोट ट्रेलरवरून उतरवता येते, हे धरूनच पुढचं लिहितोय.

एअरबोटला ब्रेक नाही. बहुतेकींना रिव्हर्सही नाही. पाण्याखाली काहीच नसतं, मागे मोठा पंखा आणि पंख्याच्या मागे उभी दोन सुकाणू. पंख्याचा वारा त्या सुकाणूंवर आदळतो तेव्हाच बोट वळते. म्हणजे पायातला गॅस (ॲक्सिलरेटर) सोडला की वारा गेला, वारा गेला की सुकाणू गेलं, आणि बोट ज्या दिशेला घसरत होती त्याच दिशेला घसरत राहते. गाडीत समोर काही आलं की पाय आपोआप गॅसवरून उठतो, वीस वर्षांची सवय आहे ती, आणि इथे तीच सवय घात करते. स्टिक डाव्या हाताला असते, पुढे ढकलली की बोट उजवीकडे, मागे ओढली की डावीकडे, ते तासाभरात जमतं. पायाची सवय तासाभरात जात नाही.

आता आमचं काय झालं ते. एप्रिलचा शेवट, म्हणजे कोरड्या सीझनचं शेवटचं टोक, पाणी सगळ्यात कमी. टॅमियामी ट्रेल नावाच्या हायवेच्या उत्तरेला, वॉटर कॉन्झर्व्हेशन एरिया ३ ह्या दलदलीच्या भागात होतो (नॅशनल पार्कच्या हद्दीत नवीन माणसाला स्वतःची एअरबोट चालवता येत नाही, तिकडे जाऊ नका). दलदलीतली ट्रेल म्हणजे बाकीच्या बोटींनी गवत दाबून केलेली वाट, दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गवत. एक डावं वळण आलं, मी जरा जोरात होतो, समोर विलोची झुडपं दिसली आणि पाय उठला. बोट वळलीच नाही, आडवी होत सरळ झुडपाच्या कडेने बाहेर गेली आणि पाणी संपून कोरड्यावर चढली. नुसतं डोकं शाबूत ठेवून पाय दाबून धरला असता तर वळलो असतो, मित्राने नंतर तेच वळण तसंच घेतलं.

थांबलो तिथून ट्रेलचं पाणी जेमतेम चारशे फूट. चारशे फूट! त्यात तीन तास गेले. एअरबोट ओल्या गवतावरून जाते, तळाला पॉलिमरची शीट असेल तर कोरड्यावरूनही जाते, पण जाते ती चालू असताना. एकदा कोरड्यावर थांबली की ती तिथून निघायला नवी जोरदार इंजिनंही कां कू करतात, आमचं तर जुनं कारचं इंजिन. खाली उतरलो तर वर पिवळट तपकिरी शेवाळाचा थर, ओल्या पावासारखा, त्याच्याखाली मांडीपर्यंत चिखल आणि चिखलाखाली चुनखडी, पाय कुठे रुतेल कुठे आपटेल सांगता येत नाही. सॉग्रासच्या पात्याला दोन्ही कडांना आरीसारखे बारीक दात असतात, हाताचं बोट दाबून सरळ फिरवलं तर काही नाही, उलट फिरवलं की चामडी निघते. फुल बाह्यांचा शर्ट आणि कामाचे जाड हातमोजे हवेतच, आम्ही टी-शर्टवर होतो.

अडकलात तर असं करा. आधी इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. मग सामान, कूलर, जादा माणसं सगळं खाली. बोट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलवून तळाची पकड सोडवा, पुढे ओलं गवत अंथरा, बादलीने पाणी मारा. मग एकटा चालवणारा वर, बाकीचे बाजूला लांब, मागे कुणीही नाही. मागे उभं राहाल तर त्या वाऱ्यात काड्या, चिखल, दगड सगळं तोंडावर येतं. निघाली की थांबायचं नाही, माणसांना घ्यायलाही नाही, थेट पाण्यात जाऊन थांबायचं आणि माणसांनी चालत यायचं.

आमची निघाली नाही. फोनला रेंज नव्हती, शेवटी एका शिकाऱ्याच्या बोटीने निरोप नेला आणि ओढून काढणारा आला. अर्ध्या तासाचं काम आणि सहाशे डॉलर, रोख, भाव दोर बांधल्यावर सांगितला. ह्याला लुटणं म्हणतात. तुम्ही दोर बांधायच्या आधी आकडा ठरवा, आणि निघायच्या आधी घरच्या कुणाला तरी कुठल्या रॅम्पवरून (बोट पाण्यात उतरवायचा उतार) जातोय, किती वाजता परत येणार, हे लिहून द्या.

दुसरा दिवस छान गेला, लिहिण्यासारखं काही नाही, फक्त परत येताना कॅनॉलवर जे होता होता राहिलं ते सांगतो. खोल मोकळ्या पाण्यात मित्राने रॅम्प दिसल्यावर एकदम गॅस सोडला. बोट बसली आणि आमचीच मागची लाट पाठीमागून आली. इंजिनाचं सगळं वजन मागे, मागची फळी पाण्यापासून वीतभर वर, लाट थेट आत. घोट्यापर्यंत पाणी एका झटक्यात, आत आलेलं पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप चालू होता म्हणून बचावलो. माझं तर स्पष्ट मत आहे, नवीन माणसाची बोट मगरीमुळे नाही, अशी बुडते. गॅस हळूहळू सोडायचा, लाट मागून आलेली दिसली तर पुन्हा थोडा द्यायचा, लाट पुढे जाऊ द्यायची, मग थांबायचं.

माणसं जास्त चढवू नका. मी सांगलीकडचा, २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हाचे दिवस आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे ह्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. त्यात एअरबोट वरून जड, चालवणारा उंचावर बसलेला, जोरात वळताना कड पाण्यात रुतली की उलटू शकते. मित्राचा मेहुणा "मी पण येतो" म्हणत रॅम्पवर आला होता, त्याला किनाऱ्यावरच ठेवला. वाईट वाटलं त्याला, वाटू दे.

झेंड्याचं सगळेजण हलक्यात घेतात. फ्लोरिडात कायदा आहे, बोटीच्या सगळ्यात खालच्या भागापासून निदान १० फूट उंचीवर नारिंगी झेंडा, निदान १० बाय १२ इंचाचा. कारण सरळ आहे, तुमच्या इंजिनाच्या आवाजात समोरच्या बोटीचा आवाज येतच नाही, गवताच्या वर सरकणारा तो नारिंगी तुकडा एवढंच दिसतं. प्रत्येक वळणाआधी गवताच्या शेंड्यावर नजर आणि बोट उजवीकडे.

कागदपत्रांचं म्हणाल तर १ जानेवारी १९८८ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना बोटिंग सेफ्टीचं कार्ड लागतं. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या एअरबोटवाल्यांना १ जुलै २०१९ पासून वेगळा कोर्स, प्रथमोपचार आणि सीपीआर सक्तीचं आहे. स्वतःच्या बोटीला तसं काही नाही, आणि हेच मला चुकीचं वाटतं. असा परवाना असलेल्या माणसाबरोबर एक अख्खा दिवस बसा, दोन तासांच्या शिकवणीला पैसे घालू नका. पहिले तीन-चार दिवस ऑक्टोबरच्या आसपास, पाणी भरपूर असताना करा. पावसाळ्यात दुपारी विजा होतात, तेव्हा सकाळी लवकर जाऊन अकराला परत.

आणि शेवटचं, पंखा. पुढच्या डेकवर सुटं काहीही नको, टोपी, टॉवेल, पाण्याची बाटली, सगळं बांधून. पुढून उडालेली वस्तू थेट पंख्यात जाते आणि पातं तुटलं तर तुकडे कुठे जातील त्याचा नेम नाही. काल बोट धुताना पंख्याभोवतीच्या जाळीचे बोल्ट एकेक करून पान्याने बघितले, दोन बोटांनी फिरत होते. दोन दिवस आम्ही तसेच हिंडत होतो. निघायच्या आधी प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा, नुसतं नजरेने नाही.