‘तू गप्प बस’वर येणारा हशा

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसच्या नाट्यसंघाने ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवलं होतं आणि मला मिसेस काशीकरचं काम आलं. खरं सांगायचं तर मी खट्टू झाले होते, कारण मला बेणारे, म्हणजे नायिका, हवी होती. विजय तेंडुलकरांच्या या नाटकात कुणाला बेणारे नको असते? १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेने ते पहिल्यांदा केलं तेव्हा सुलभाताई देशपांड्यांनी बेणारे उभी केली, त्याबद्दल इतकं वाचलेलं ऐकलेलं होतं की बाकीच्या भूमिका मला भरतीच्या वाटायच्या.

पण तालमी सुरू झाल्या आणि काशीकरीण अंगात भिनायला लागली. ती दर थोड्या वेळाने काहीतरी बोलायला जाते आणि तिचा नवरा काशीकर तिला तोडतो. मोठं भांडण नाही, हात उगारणं नाही, फक्त तोडतो, मग कानात काडी घालून कोरत बसतो आणि पुढे समाज, नीती वगैरे मोठमोठे शब्द बोलतो. आमच्या दिग्दर्शकाने सांगितलं होतं, त्याने तोडलं की तू काही करायचं नाहीस, चेहरा पाडायचा नाही, रागावायचं नाही, फक्त उघडलेलं तोंड मिटायचं आणि गजरा चाचपायचा. ते जमायला मला दोन आठवडे लागले. प्रत्येक वेळी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी यायचंच आणि तो म्हणायचा, नाही, या बाईला आता काही वाटत नाही, सवय झालीय तिला.

प्रयोगात पहिल्यांदा काशीकरने मला गप्प केलं आणि हॉलमध्ये असा काही हशा आला की मी दचकले. दुसऱ्या वेळी अजून मोठा. बायकाही हसत होत्या बरं का, पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी तर एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, कारण घरोघरी हेच चालतं आणि ओळखीचं दिसलं की माणूस हसतो. मला वाटतं पुरुषांची बायकांकडे बघायची नजर नाटकात जितकी अशा बारीक जागांत पकडली जाते तितकी ती मारझोडीच्या सीनमध्ये नाही जात. तेंडुलकरांच्याच दुसऱ्या नाटकातला सखाराम बाइंडर शिव्या देतो, पट्टा काढतो, त्याच्याकडे बोट दाखवून आपल्याला म्हणता येतं की बाबा आम्ही असे नाही, पण काशीकरकडे बघून तसं कसं म्हणणार?

आणि खेळ बदलतो तेव्हा तो हशा प्रेक्षकाच्या घशात अडकतो. नाटकातल्या हौशी नटमंडळींनी गंमत म्हणून सुरू केलेला खोटा खटला, आरोप भ्रूणहत्येचा, आरोपी बेणारे, आणि हळूहळू सगळे पुरुष तिच्या खऱ्या आयुष्यात हात घालायला लागतात. पोंक्षे सांगतो की हिच्या पर्समधून टिक ट्वेंटी या कीटकनाशकाची बाटली पडली होती. सुखात्मे सरकारी वकील आहेच, आरोपीचा वकीलही तोच! काशीकर तर न्यायाधीशाची खुर्ची सोडून स्वतःच साक्ष द्यायला येतो. आणि ज्याच्यापासून तिला दिवस गेलेत तो प्रोफेसर दामले अख्ख्या नाटकात स्टेजवर येतच नाही. आरोपी म्हणून त्याला कुणी पिंजऱ्यात उभं करत नाही, करायला हवं असं एकालाही वाटत नाही. तेंडुलकरांनी ती जागा रिकामी ठेवली हे मला या नाटकातलं सगळ्यात भेदक वाटतं.

पण माझ्यासाठी सगळ्यात अवघड जागा वेगळीच होती. बेणारे पिंजऱ्यात जायला तयार नसते तेव्हा तिला फरफटत नेते कोण, तर मिसेस काशीकर! तालमीत बेणारेचं काम करणाऱ्या मैत्रिणीचा दंड धरला तेव्हा मला रडायलाच आलं. संध्याकाळभर जिला कुणी वाक्य पुरं करू दिलं नाही तिला पहिल्यांदा काहीतरी काम मिळतं आणि ते हे असतं, आणि ती ते जीव तोडून करते, कारण तेवढ्यापुरती तरी ती त्या कोर्टात मोजली जाते. मी तिला दुष्ट म्हणून केली नाही, मला ते पटलंच नसतं.

तेंडुलकरांच्या ‘कमला’मध्येही असंच आहे, १९८१ चं नाटक. पत्रकार जयसिंगने बातमीसाठी २५० रुपयांना विकत आणलेली आदिवासी बाई त्याच्या बायकोला साधेपणाने विचारते की तुला केवढ्याला घेतलं. नवऱ्याचे फोन घेऊन निरोप टिपून ठेवणारी शिकलेली सरिता तिथून पुढे स्वतःच्या घराकडे पहिल्यासारखं बघूच शकत नाही.

आमचा प्रयोग संपल्यावर सगळे मागे चहा घेत उभे होतो. बेणारेच्या शेवटच्या स्वगताला लाइट जरा लवकर आला होता, बाकीचे थिजलेले दिसायला वेळ मिळाला नाही, तेच मी सांगायला गेले तर काशीकरचं काम करणारे आमचे सीनियर, एरवी खरंच सज्जन माणूस, कपात बिस्किटं बुडवत म्हणाले, “थांब गं, टेक्निकल आहे ते, तुला नाही कळायचं.” सगळे हसले. मेकअपही उतरवला नव्हता मी, आणि माझा हात आपोआप गजऱ्याकडे गेला.