आमची वाटचाल : फिनेलच्या कॅनपासून रुग्णाच्या कॉटपर्यंत

सुरुवात फिनेलनं झाली. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून घाऊक माल उचलायचा, कॅन टेम्पोत भरायचे आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेटोगेट फिरायचं. "वास येतोय न्हवं?" एवढीच चौकशी व्हायची. वास आला म्हणजे स्वच्छता झाली, हा समज अजून पुरता गेलेला नाही.

फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, खरी अडचण हातांची. मोल्डिंगची काळी वाळू आणि मशीन शॉपचं ऑइल एकदा कातडीत बसलं की साधा साबण हात टेकतो. मग रॉकेलनं हात पुसायचे आणि त्याच हातांनी डबा उघडायचा. कामगारांना हात धुण्याची सोय द्यायला तेव्हाचा 1948 चा कारखाने कायदा सांगायचाच. पण कोपऱ्यातल्या नळाकडं जेवणाच्या घाईत कोण जातंय? आम्ही बारीक दाण्याची हँड क्लीनर पेस्ट दिली आणि डिस्पेन्सर संडासात न लावता कँटीनच्या वाटेवर लावायला सांगितलं. माल तोच, जागा बदलली, खप वाढला. मालक कुरकुरले, ते सोडा.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं. ओसरल्यावर जो तो ब्लीचिंग पावडर मागत होता. चिखलावर पावडर मारून काही होत नाही; गाळातली घाणच क्लोरीन खाऊन टाकते. आधी गाळ खरवडायचा, मग साबणाच्या पाण्यानं घासायचं, शेवटी ब्लीचिंग. हे पटवायला माल पोचवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. आणि संडासाचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

कोरोनात सॅनिटायझर पानटपरीवरसुद्धा मिळत होता, त्याबद्दल काय लिहायचं! पण तेव्हापासून दवाखान्यांची कामं वाढली. तिथल्या मावशी-मामांना आम्ही मापानं शिकवतो : पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट (जंतू मारायचं क्लोरीनचं औषध, आम्ही नुसतं हायपो म्हणतो) एक मग, पाणी चार मग, झालं एक टक्क्याचं. सांडलेलं रक्त आधी टिपून घ्यायचं, मग हे ओतून दहा मिनिटं थांबायचं. लगेच पुसलं तर औषध वाया. द्रावण रोज ताजं करायचं, कारण पडून राहिलं की त्याचा जोर उतरतो.

आता फाऊलर कॉट (डोक्याची-पायांची बाजू वरखाली होणारी), एअर बेड (पडून पडून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी हवेची गादी), कमोड खुर्ची भाड्यानं देतो. परत आलेली कॉट धुऊन, निर्जंतुक करून, पुन्हा साध्या पाण्यानं पुसावी लागते, नाहीतर हायपोनं लोखंड गंजतं. घरी गेल्यावर आमचा माणूस एअर बेडचा पंप लावून दाखवतो. "रात्री बंद केला तर चालंल का?" असं हमखास विचारतात. नाही चालत. आणि पंप चालू असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, हे रुग्णाच्या सुनेला नव्हे, घरातल्या सगळ्यांना बसवून सांगतो.

कागल, गडहिंग्लजपर्यंत कॉटा जातात. आजऱ्याहूनही मागणी आहे, पण तिथं लावून दाखवणारा माणूस मिळेपर्यंत गाडी पाठवणार नाही.