पातालपाणीला कॅमेरा नेताय? आधी त्याचं दार बघा

आत्ताच इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्यावरून आणि पुढच्या काळाकुंडहून परत आलो, पाय भरून आलेत, ओले बूट दारातच पडलेत, पण आजच लिहून टाकते. पुढचे दोन-तीन रविवार अर्धं इंदूर तिकडेच असणार आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात "मैडम, पानी में डाल दो, कुछ नहीं होगा" असं सांगून गळ्यात मारलेला कॅमेरा असणार. गेल्या वर्षी माझ्या हातात होता.

तर गेल्या वर्षीचं आधी. जुलैमध्ये दादा-वहिनी आणि भाचा असे आम्ही पातालपाणी-काळाकुंड हेरिटेज ट्रेनला निघालो होतो, २०१८ च्या डिसेंबरपासून चालते ती मीटरगेजची गाडी. मला रोजच्या फोटोंसाठी, पावसाच्या आणि भाच्याच्या व्हिडिओसाठी एक छोटा, पाण्याला न घाबरणारा कॅमेरा हवा होता. राजवाड्याकडच्या एका दुकानातून घेतला, दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानदाराने माझ्यासमोर स्टीलच्या ग्लासातलं पाणी कॅमेऱ्यावर ओतलं, रुमालाने पुसला, चालू करून दाखवला. ११,५०० रुपये कॅमेऱ्याचे, वर ९०० "वॉटरप्रूफ किट" म्हणून, ज्यात एक प्लास्टिकची पिशवी आणि दोरी निघाली. बिल मागितलं तर म्हणाला बिल पर लोगे तो अठारह परसेंट और लगेगा. मी कच्च्या पावतीवर घेऊन आले.

पातालपाणीच्या व्ह्यू पॉइंटला पोचलो तेव्हा धबधबा भरून वाहत होता, तीनेकशे फुटांवरून पाणी पडतं आणि तुषार वर कठड्यापर्यंत येतात, पाऊस नसला तरी पाच मिनिटांत माणूस चिंब. पहिली अर्धापाऊण तास कॅमेरा उत्तम चालला. मग कार्ड भरलं म्हणून मी प्लॅटफॉर्मवरच, रिमझिम चालू असताना, दार उघडलं, कार्ड बदललं, दार लावलं आणि गाडीत बसले. पहिल्या बोगद्यातून बाहेर येईपर्यंत स्क्रीनवर सगळं पांढरं. आधी वाटलं काचेवर पाणी आहे, पुसलं, जाईना. वाफ आतून धरली होती. पुढचे बोगदे, पूल, दरी, खाली चोरल नदी, सगळं शूट केलं ते दुधातून बघितल्यासारखं आलंय. काळाकुंडला उतरेपर्यंत स्क्रीनवर आडव्या रेघा आणि मग बंद. भाचा पानाच्या द्रोणातला कलाकंद खात होता, तो एक फोटोसुद्धा नाही.

रात्री घरी येऊन टेबलावरच्या दिव्याखाली दार उघडलं. दाराच्या कडेने जी बारीक पिवळी रबराची पट्टी असते तिच्यावर एक केस आडवा पडलेला होता, माझाच, साधारण बोटाच्या पेराएवढा, आणि बरोबर तो जिथे पट्टीवरून जात होता तिथून आत पाण्याची एक रेघ गेली होती बॅटरीपर्यंत. मग खोका काढला. किमतीचं स्टिकर नखाने सोललं तर त्याच्या खाली छापलेलं होतं, आयपीएक्स ४, म्हणजे वस्तू किती पाणी सोसते ते सांगणारा आकडा. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर "लिक्विड डैमेज वारंटी में नहीं आता." पावती कच्ची, त्यामुळे पुढे बोलायलाही जागा नाही.

आता हे आकडे नीट समजून घ्या कारण सगळी फसवणूक इथेच होते. आयपीएक्स ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सहन होतात, बस. ग्लासभर पाण्याच्या परीक्षेत तो पासच होणार, म्हणून ती परीक्षा दाखवतात. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून कठीण, किती खोल आणि किती वेळ ते कंपनी सांगते. पण मला धक्का बसला तो यापुढच्या गोष्टीने. ७ आणि ८ या साठलेल्या पाण्यात बुडवायच्या परीक्षा आहेत, जोरात येणाऱ्या पाण्याच्या धारेची परीक्षा वेगळी, ५ आणि ६ ची. ८ लिहिलंय म्हणून ६ आपोआप मिळत नाही, दोन्ही हवे असतील तर दोन्ही छापलेले पाहिजेत. धबधब्याखाली थेट धार पडते तेव्हा ती साठलेल्या पाण्यासारखी वागत नाही. आणि परीक्षा गोड्या, स्वच्छ पाण्यात, नव्याकोऱ्या मालावर होतात. चार वर्षं दुकानाच्या कपाटात पडून कडक झालेल्या रबरावर नाही. "वॉटर रेझिस्टंट" एवढंच लिहिलं असेल आणि आकडा नसेल तर तो कॅमेरा पावसात छत्रीखाली वापरायचा, संपलं.

आणि फोन? हो, रोजच्या उजेडातले फोटो चांगल्या फोनवर जास्त छान येतात, मी हे मान्यच करते, या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर बारीक असतो. पण ओल्या बोटाने टचस्क्रीन ऐकत नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घातला की पिशवीलाच आतून वाफ धरते, आणि आयपी ६८ वाल्या (यातला ६ धुळीचा, ८ पाण्याचा) फोनलाही पाणी गेलं की बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. पावसात एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने बटण दाबायचं तर खरं बटण पाहिजे.

या वर्षी मी आत्तेभावाचा ऑलिंपस टीजी-६ घेऊन गेले, २०१९ मध्ये आलेलं मॉडेल, आणि एवढं थकूनसुद्धा जीव खुश आहे. १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी चालतो असं कंपनी सांगते, झूम न करता लेन्स एफ २.० पर्यंत उघडते, म्हणजे उजेड जास्त घेते, म्हणून पावसाळी अंधारात जरा बरं, १२ मेगापिक्सेल, ४के व्हिडिओ ३० फ्रेमचा. लेन्स बाहेर येतच नाही, झूम आतल्या आत होतो, आणि छोट्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात बघायची पहिली गोष्ट हीच, नळी बाहेर येणारा असेल तर विसरा. दुसरी गोष्ट दार. याला दोन दारं आहेत, एक बॅटरी-कार्डाचं, एक केबलचं, आणि दोन्हीला लावल्यावर वर वेगळं लॉक फिरवायचं असतं. माझ्या त्या ११,५०० वाल्याला नुसती खटका दाबून बसणारी झडप होती. दुकानात गेलात की मेगापिक्सेल विचारू नका, दार उघडून दाखवा म्हणा, रबर कुठे आहे, लॉक किती आहेत, ओल्या अंगठ्याने चुकून उघडतं का ते बघा.

नवीन घ्यायचा तर याच्यानंतरचा टीजी-७, २०२३ चा, आता ओएम सिस्टीम नावाने येतो कारण २०२१ पासून ऑलिंपसचा कॅमेऱ्याचा धंदा वेगळ्या कंपनीकडे गेला. सगळ्यात मोठा फायदा यूएसबी-सी, टीजी-६ ला अजून जुनी मायक्रो यूएसबी लागते. रिकोचे डब्ल्यूजी मालिकेतले पण आहेत, डब्ल्यूजी-८० हा १४ मीटरचा, पण व्हिडिओ फुल एचडीच, व्हिडिओ हवा असेल तर नको. बाजारात निकॉनचा डब्ल्यू-३००, फुजीचा एक्सपी-१४०, पॅनासॉनिकचा एफटी-७ "सीलपैक" म्हणून दाखवतील. चांगले होते, डब्ल्यू-३०० तर ३० मीटरपर्यंत जायचा, पण हे सगळे बंद झालेत, म्हणजे सीलपॅक असला तरी आतलं रबर तेवढंच जुनं. एक्सपी-१४० च्या खोक्यावर ४के लिहिलंय ते १५ फ्रेमचं आहे, व्हिडिओ धक्के खात चालतो. घेऊ नका. सेकंडहँड तर अजिबात नको, घरातल्याचाच असेल आणि रबर बदललेलं असेल तरच. आत्तेभावाने बदलून घेतलं होतं, वर्षाला एकदा बदला असं ऑलिंपस स्वतःच सांगते.

बिल पक्कं घ्या. डिजिटल कॅमेऱ्यावर जीएसटी २०१९ च्या सुरुवातीपासून १८ टक्के आहे आणि तो एमआरपीच्या आत असतो, वरून मागितला तर तिथेच थांबवा. आयात मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेलं असावं लागतं, नसेल तर भारतातली वॉरंटी नाही असंच धरून चाला. ऐकत नसतील तर १९१५ ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे. मी हे गेल्या वर्षी केलं असतं तर बारा हजार चारशे वाचले असते.

आता वाफ, कारण पावसाळ्यात कॅमेरा बुडून कमी आणि वाफेने जास्त खराब होतो. वाफ दोन प्रकारची. कारच्या एसीत गार झालेला कॅमेरा महूच्या पुढे दमट हवेत बाहेर काढला की काचेवर बाहेरून धुकं धरतं. ती निरुपद्रवी, दहा मिनिटं थांबा, पुसा, गेली. म्हणून कॅमेरा एसीच्या झोतासमोर ठेवू नका, पिशवीत मागे ठेवा आणि पोचायच्या आधी पंधरा मिनिटं काचा खाली करा. दुसरी आतली. तुम्ही दमट हवेत दार उघडून लावलं की ती दमट हवा आत कोंडली जाते, मग वरून गार पाणी पडलं की काच थंड होते आणि आतल्या हवेतलं पाणी काचेला आतून चिकटतं. याला जागेवर काहीच उपाय नाही. दिवस गेला.

म्हणून मी या वेळी आदल्या रात्री खोली बंद करून तासभर एसी चालवला, तिथे पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि मोठं कार्ड घातलं, रबरावरून कोरडा मऊ कपडा फिरवला, दिवा तिरपा धरून केस, वाळूचा कण, धागा काही आहे का बघितलं, दोन्ही लॉक लावले. आणि मग घरी येईपर्यंतच काय, अजूनही दार उघडलेलं नाही. एका बॅटरीत सुमारे ३४० फोटो निघतात असा कंपनीचा आकडा आहे, व्हिडिओ जास्त केलात तर कमी, म्हणून हात आवरून शूट करा. ४के साठी कार्ड यू ३ किंवा व्ही ३० (हे कार्डाच्या वेगाचे दर्जे) लिहिलेलं घ्या, साध्या कार्डावर मध्येच रेकॉर्डिंग थांबतं.

या वेळी व्ह्यू पॉइंटवर वीस मिनिटं भिजलो, बोगदे झाले, काळाकुंडला चोरलच्या काठाला गुडघाभर पाण्यात कॅमेरा बुडवून भाच्याच्या पायाखालचे गोटे घेतले. एकदाही धुकं नाही. भिजल्यावर आवाज बसका येतो, माइकच्या भोकात पाणी असतं, कॅमेरा उलटा करून दोनदा झटका की ठीक होतो. लेन्सवर थेंब राहतात ते दर दोन मिनिटांनी फुंकरीने उडवा, नाहीतर प्रत्येक फोटोत मधोमध एक गोल डाग. आणि हा पाव किलोचा कॅमेरा पाण्यात तरंगत नाही, तळाला जातो, तरंगणारा पट्टा वेगळा घ्या, भगवा किंवा पिवळा, चोरलचं पाणी पावसात गढूळ असतं, काळा पट्टा दिसणार नाही.

पातालपाणीला मात्र कठड्याच्या आत. २०११ च्या जुलैत तिथे पाणी अचानक वाढून माणसं वाहून गेली होती, इंदूरमध्ये तो व्हिडिओ न पाहिलेला माणूस नसेल. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. कॅमेरा वॉटरप्रूफ आहे म्हणून पाण्याच्या मधल्या दगडावर जाणारी तीन पोरं मी आज बघितली आणि ओरडून परत बोलावली.

मधे मांडूलाही दोन दिवस जाऊन आलो, जहाज महाल वगैरे, छान झालं, कॅमेऱ्याचा काही त्रास नाही. फक्त होशंगशाहाच्या कबरीच्या आत अंधार आहे, तिथे आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा वाढवतो ती संवेदनशीलता) ८०० च्या वर गेला की फोटोत दाणे येतात, फोन काढा.

गेरसाठी, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी, घेणाऱ्यांना एक वेगळं सांगते. मार्चमध्ये हाच कॅमेरा रंगपंचमीला टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत नेला होता. टँकरवरची पाण्याची तोफ अंगावर आली की ती धारच असते, कॅमेरा छातीशी धरून पाठ फिरवा. आणि गुलाल पाण्यापेक्षा वाईट, दाराच्या फटीत इतका बारीक बसतो की धुताना लाल पाणी चौथ्या बादलीपर्यंत येत होतं. दार उघडायच्या आधी तो सगळा गेला पाहिजे, नाहीतर तोच रबरावर बसतो.

घरी आल्यावर दार बंद ठेवूनच साध्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं, बटणं पाण्यातच दाबायची म्हणजे आतली माती निघते, मग मऊ कपड्याने पुसून पंख्याखाली. हेअर ड्रायर लावू नका, गरम हवेने रबर वाकतं. माझा आत्ता टॉवेलवर पडलाय. वहिनीचे दोनदा फोन आले फोटो पाठव म्हणून, तर वायफायवरून दहा-बारा पाठवले, त्याला दार उघडावं लागत नाही. व्हिडिओ मोठे आहेत, ते उद्या, दाराच्या कडा पूर्ण कोरड्या झाल्यावर.